थर्टी, पायजमा आणि मी



पाच मिनिटं बोल म्हणालात आणि वर 'राजकारण नको' असंही बजावलंत. म्हणून अमेरिकेचं सांगते.

दहावीच्या सुट्टीत आपला निम्मा वर्ग टायपिंगच्या क्लासला होता. 'थर्टी'ची परीक्षा आठवते ना? त्या मशीनवर इंग्रजी 'आय' आणि 'एम' दोघांना जागा सारखीच. सडपातळ असो की जाड, भेदभाव नाही. हे ज्ञान पुढे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

८ सप्टेंबर २००४. अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक दोन महिन्यांवर. सीबीएस वाहिनीवर डॅन रादर यांनी बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या दिवसांविषयीचे काही जुने कागद दाखवले. १९७२-७३ सालचे म्हणून. काही तासांतच इंटरनेटवर उजव्या मतांचे लिहिणारे तुटून पडले. टाइपरायटरवरचा कागद, मग 'आय' बारीक आणि 'एम' रुंद कसा? चार्ल्स जॉन्सन नावाच्या गृहस्थाने एक कागद मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, एकही सेटिंग न बदलता, टाइप केला आणि मूळ कागदावर ठेवून पाहिला. जवळजवळ तंतोतंत बसला!

सीबीएसच्या एका माजी अधिकाऱ्याने 'घरात पायजम्यात बसून लिहिणारे' म्हणून या मंडळींना हिणवलं. (आपल्याकडे हा अपमान कोणाला कळलाही नसता.) पुढे त्यांच्यातल्या काहींनी आपल्या कंपनीचं नावच 'पजामाज मीडिया' ठेवलं. बारा दिवसांनी सीबीएसने मान्य केलं की कागद खरे असल्याचं सिद्ध करता येत नाही. चौकशी समितीने राजकीय हेतूचा ठपका ठेवला नाही. बोट ठेवलं ते घाईवर.

ते बारा दिवस मी ते कागद खरेच मानत होते. मी! दिवसभर वर्ड वापरणारी, थर्टी पास झालेली. कारण एकच, बुश मला आवडत नव्हते.

आता २०११. व्हाइट हाउसने ओबामांच्या जन्मदाखल्याची पीडीएफ प्रसिद्ध केली. उजव्या गोटातल्या काहींनी ती इलस्ट्रेटरमध्ये उघडली, तर आत थरावर थर! लगेच 'बनावट, बनावट' सुरू झालं. स्कॅन केलेली फाइल आटोपशीर करताना सॉफ्टवेअर असे थर पाडतं, हे मला दोन मिनिटांत कळलं. केवढी हुशार मी! ओबामा मला आवडत होते ना.

गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर एकाचा फॉरवर्ड खोटा असल्याचं मी पुराव्यासकट दाखवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूचे तसलेच तीन आले होते. ते मी उघडूनही पाहिले नाहीत. त्याने तेवढंच विचारलं, 'त्यांचं काय?' मी उत्तर दिलं नाही. त्याने ग्रुप सोडला.

आज तो आलाय. तिसऱ्या रांगेत, झब्बा-पायजमा घालून. अरे, तुझा फॉरवर्ड खोटाच होता. पण ते तिन्ही मी परवा रात्री बसून तपासले. तेही खोटे निघाले. जेवताना शेजारी बस, दाखवते.