भाड्याच्या खोल्या : कर्ज आणि कारभार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, विवाहेच्छूंच्या याद्या छापते. परंतु ज्या व्यवहारात आपल्या कित्येक कुटुंबांची जन्माची पुंजी गुंतली आहे, त्याविषयी या व्यासपीठावरून क्वचितच बोलले जाते. तो व्यवहार म्हणजे भाड्याच्या, आपल्या बोलीत किरायाच्या, खोल्या.

वरठीत खोल्यांना मागणी का, हे आपणांस सांगणे नको. भंडारा रोड हे हावडा-मुंबई मार्गावरील स्थानक आपल्या गावी आहे आणि सनफ्लॅगचा पोलादाचा कारखानाही येथेच आहे. कामासाठी आलेला माणूस प्रथम निवारा शोधतो. म्हणून कोणी धानाची बांधी विकतो, कोणी निवृत्तीची रक्कम घालतो, पुष्कळजण कर्ज काढतात आणि खोल्यांची ओळ उभी राहते.

आता थोडे गणित करू. समजा, पाच खोल्यांसाठी दहा लाख रुपये कर्ज काढले; व्याज द.सा.द.शे. ९, मुदत १५ वर्षे. दरमहा हप्ता सुमारे १०,१४३ रुपये होतो. मुदतीअखेर व्याजच सव्वाआठ लाखांच्या घरात जाते. प्रत्येक खोलीचा किराया २,५०० धरला तर महिन्यास १२,५०० येतील. कागदावर शिल्लक दिसते, आणि येथेच माणूस फसतो. दोन खोल्या रिकाम्या झाल्या की हाती ७,५०० उरतात. आपले बहुतेक किरायेदार एकाच ठिकाणच्या रोजगारावर अवलंबून असल्याने ठेक्याचे काम थांबले म्हणजे ओळीतील खोल्या एकामागून एक रिकाम्या होतात. बँकेला त्याचे सोयरसुतक नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि २००२ च्या कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावताही, तारण घर ताब्यात घेता येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, निम्म्या खोल्यांच्या किरायातून हप्ता निघेल इतकेच कर्ज काढावे. वरील उदाहरणात ते सुमारे सहा लाख होते. उरलेली रक्कम जवळ नसेल तर खोल्या कमी बांधाव्यात. शेजाऱ्याने मजला चढविला म्हणून आपणही चढवावा, हा काही हिशेब नव्हे.

दुसरी गोष्ट कागदाची. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. किरायेदारास घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. त्या काळची धास्ती वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप आहे. ‘लिहून दिले की अडकलो’ असे ते म्हणतात. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि तो आदेश गेला. नव्या कायद्याचे कलम ५५ तर उलट सांगते : करार लेखी व नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती न केल्यास अटींविषयी किरायेदार जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल. शिवाय शिक्षेचीही तरतूद आहे. तेव्हा अडकतो तो न लिहिणारा.

किरायाची पावती दरमहा द्यावी. विजेचे मीटर साधल्यास खोलीगणिक वेगळे घ्यावे; एका मीटरवर पाच बिऱ्हाडे असली की महिनाअखेरीस अंगणात तंटा ठरलेलाच.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलतो. खोली देण्यापूर्वी जात विचारण्याची चाल आपल्यात आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. ती ज्ञातीपुरती होती, हे खरे. पण तेथे राहणारे स्वतःच संस्थेचे भागीदार होते. आपण तर परक्याकडून पैसे घेऊन खोली देणार! मग त्याचे काम, त्याचे पूर्वीचे घरमालक यांची चौकशी करावी, जातीची कशाला? ही चाल मुळातच निंद्य आहे, आणि तिच्यापायी खोली दोन महिने रिकामी ठेवणाऱ्याचा हप्ता त्याची ज्ञाती भरीत नाही.

राहिली अनामत. ती आपली मिळकत नव्हे, परत द्यावयाची ठेव आहे. तिचे खाते बँकेत निराळे ठेवावे आणि लग्नकार्यात त्यास हात लावू नये. घरातील स्त्रियांनाही हे खाते, करारनामा आणि कर्जाची कागदपत्रे कोठे आहेत, हे ठाऊक असावे. कर्त्या पुरुषाच्या मागे किरायेदारासमोर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावरच येते.