आलेख रोज वाचण्यासाठी असतो



आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. मुलांच्या वर्तनाच्या नोंदी आपण विशेष शिक्षक आणि उपचारक वह्यांत इमानेइतबारे भरतो, पण त्यांचा आलेख काढतो तो वार्षिक अहवालासाठी. तोवर त्या मुलाचं वर्ष निघून गेलेलं असतं.

आपलं वर्तनविश्लेषणाचं शास्त्र मुळात आलेखाच्या आधारेच वाढलं. वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांच्या संचयी नोंदयंत्रात कागद एकसारख्या वेगाने सरकत राही आणि उंदराने दांडी दाबली की लेखणी एक पायरी वर चढे. उंदीर थांबला की रेषा आडवी, भराभर दाबू लागला की चढण उभी. प्रयोग चालू असतानाच वर्तनाचा वेग डोळ्यांपुढे उमटे. त्यांच्या 1938 च्या ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ या पुस्तकात अशा रेषा भरपूर आहेत.

आपण मात्र सरासरीवर विसंबतो. समजा, उपाय सुरू करण्यापूर्वीच्या पाच दिवसांत एक मूल स्वतःच्या हाताला 12, 10, 8, 6, 4 वेळा चावलं. उपायानंतरच्या पाच दिवसांत 3, 3, 2, 1, 1 वेळा. सरासरी 8 वरून 2 वर आली, म्हणून आपण पालकांना पेढे मागू. हेच दहा बिंदू कागदावर मांडा. रेषा आधीपासूनच उतरत होती! उपायामुळे फरक पडला, असं हा आलेख म्हणू देत नाही. म्हणून आधाररेषा, म्हणजे उपायापूर्वीच्या नोंदींची रेषा, स्थिर होईपर्यंत थांबायचं, उपाय सुरू झाला तिथे उभी रेघ मारायची आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे बिंदू जोडायचे नाहीत. मग पातळी, कल आणि चढउतार हे तिन्ही पाहायचे. मूल स्वतःला इजा करत असेल तर मात्र सुंदर आधाररेषेसाठी त्याला ताटकळत ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे.

डोळाही फसतो. 1979 मध्ये डीप्रॉस्पेरो आणि कोहेन या संशोधकांनी तेच आलेख अनेक जाणकारांना दाखवले, तेव्हा त्यांची मतं बरेचदा जुळली नाहीत. उभा अक्ष ताणला की किरकोळ बदलही डोंगराएवढा दिसतो. स्किनर यांचे विद्यार्थी ऑग्डेन लिंडस्ली यांनी यावर सर्वांसाठी एकच तक्ता ठरवला. त्याच्या उभ्या अक्षावर 1 वरून 2 आणि 50 वरून 100 ही झेप सारख्याच उंचीची दिसते, कारण दोन्हीकडे वेग दुप्पट झालेला असतो. मिनिटाला एक शब्द वाचणारं मूल दोन वाचू लागलं, तर साध्या आलेखावर ती प्रगती तळाशी दडून जाते. या तक्त्यावर ती दिसते. आपल्या वर्गांतल्या मुलांसाठी याहून न्याय्य मोजमाप मला ठाऊक नाही.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यावरची काही मिनिटं पुरतात. संगणक वापरायचा तर अवश्य वापरा, पण बिंदू त्याच दिवशी पडला पाहिजे. रेषा हलत नसेल, तर दोष मुलाच्या माथी मारण्याआधी आपली पद्धत बदला.

शिक्षक मित्रहो, पुढच्या पालकसभेत शेरे वाचून दाखवू नका. आलेख आईवडिलांच्या हातात द्या, तो कसा वाचायचा ते शिकवा, आणि त्यांनी प्रश्न विचारले की पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसा.