थंड पाण्यांतील पाणबुड्याचा पोशाख



मालवणच्या किनाऱ्याजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यांत, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून बुडी मारणारे हौशी लोक आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. तेथील पाणी बहुधा उबदार असतें. त्यामुळें अंगाला बिलगणारा एक पातळ पोशाख, डोळ्यांवर कांच आणि तोंडांत हवेची नळी एवढ्यावर काम भागतें. परंतु तीच हौस घेऊन मनुष्य अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मॉन्टेरेच्या उपसागरांत उतरला, म्हणजे सगळा हिशेब पालटतो. तेथील पाणी वर्षभर बहुधा १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतें. वसंतऋतूंत वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळें किनाऱ्याजवळील वरचें पाणी समुद्राकडे लोटलें जातें, आणि त्याची जागा घेण्यास खोलांतील गार पाणी वर येतें. हेंच पाणी आपल्याबरोबर पोषक क्षार आणतें. त्यांवर केल्प नांवाच्या प्रचंड सागरी शैवालाचीं अरण्यें वाढतात, आणि तीं पाहण्यासाठींच तर दूरदूरचे पाणबुडे तेथें जमतात. म्हणजे ज्या थंडीचा जाच, तिच्याच पोटीं तें सौंदर्य! ज्याला एक हवें, त्यानें दुसऱ्याची तजवीज करूनच पाण्यांत पाऊल टाकलें पाहिजे. ती तजवीज कशी करावी, याचा विचार आज कर्तव्य आहे.

बारा अंशांच्या हवेंत फिरावयास निघालेल्या मनुष्यास एक लोकरी बंडी पुरते. बारा अंशांच्या पाण्यांत मात्र तोच मनुष्य थोड्याच वेळांत काकडूं लागतो. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति हवेच्या सुमारें २५ पट आहे, हें त्याचें कारण. सृष्टीनें आपल्या लेकरांसाठीं यावर दोन उपाय योजिले आहेत. सीलच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो. सागरी पाणमांजरास तसा थर नाहीं. परंतु त्याची लव इतकी दाट असते, कीं तींत हवा अडकून राहते आणि कातडीला पाणी शिवत नाहीं. मनुष्यापाशीं या दोहोंपैकीं कांहींच नाहीं. म्हणून त्याला पोशाख लागतो, आणि त्या पोशाखाचें मर्म एवढेंच, कीं अंग आणि पाणी यांच्यामध्यें कोठें तरी वायु कोंडून ठेवावा.

असे पोशाख दोन प्रकारचे आहेत. पहिला वेटसूट, म्हणजे आंत पाणी शिरूं देणारा. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील ह्यू ब्रॅडनर या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें १९५१-५२ च्या सुमारास याची कल्पना पुढें आणली. उबदार राहावयाचें तर कोरडें राहिलेंच पाहिजे, असा तोंपर्यंत सार्वत्रिक समज होता. ब्रॅडनरनें ओळखलें, कीं बुडबुड्यांनीं भरलेलें निओप्रीन रबर वापरलें, तर ऊब ते बुडबुडेच देतील; आंत शिरलेलें थोडेंसें पाणी अंगाच्या उष्णतेनें तापेल व जागचें हललें नाहीं तर त्रास देणार नाहीं. या पोशाखाची पहिली कसोटी यांतच सांगितली गेली आहे. तो अंगाबरोबर बसला पाहिजे. सात मिलिमीटर जाडीचा पोशाखही बगलेंत वा कमरेंत ढिला असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर गार पाण्याचा नवा लोंढा आंत घेतो, आणि मग त्याच्या जाडीचा कांहीं उपयोग राहत नाहीं.

परंतु चांगल्या वेटसूटलाही एक मर्यादा आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बुडबुड्यांतील वायु निम्म्या जागेंत दडपला जातो. तीस मीटरांवर तर चौथाई जागा उरते. म्हणजे जसजसें खोल जावें, तसतसा पोशाख पातळ होत जातो, आणि नेमक्या त्याच ठिकाणीं पाणी बहुधा अधिक गार असतें!

दुसरा प्रकार ड्रायसूट. यांत मानेपाशीं व मनगटांपाशीं रबराच्या घट्ट पट्ट्यांनीं पाणी बाहेरच अडविलें जातें, आणि आंत घातलेल्या कपड्यांमधील हवा ऊब देते. खोल जातांना सिलिंडरमधील हवा थोडी थोडी आंत सोडतां येते. त्यामुळें या पोशाखाची ऊब खोलीबरोबर घटत नाहीं. आंतील कपडे सुती नसावेत. सूत भिजलें कीं अंगाला चिकटून गारठा देतें. लोकर मात्र ओलसर झाली तरी आपला धर्म सोडीत नाहीं, हें धनगराचें घोंगडें पाहिलेल्यास सांगावयास नको. आजकाल लोकरीऐवजीं कृत्रिम धाग्यांचे जाड कपडेही पुष्कळ जण वापरतात.

मग सर्वांनीं ड्रायसूटच कां घेऊं नये? कारण ऊब फुकट मिळत नाहीं. ड्रायसूटची किंमत वेटसूटच्या कित्येक पट असते. तो वापरण्याचें स्वतंत्र शिक्षण घ्यावें लागतें. डोकें खालीं झालें तर आंतील हवा पायांकडे धांवते आणि मनुष्य उलटा लटकतो. वर येतांना ती फुगते, आणि वेळेवर बाहेर सोडली नाहीं तर त्याला नको त्या वेगानें वर खेचते. असें वर फेंकलें जाणें जिवावर बेतूं शकतें. तेव्हां दिवसांतून एक बुडी, तीही पंधरा मीटरांच्या आंत व अर्ध्या-पाऊण तासाची, एवढीच ज्याची हौस, त्यानें अंगाबरोबर बसणारा सात मिलिमीटरचा वेटसूट पत्करावा. ज्याला दिवसांतून दोन-तीन बुड्या मारावयाच्या आहेत, किंवा छायाचित्रांसाठीं एका जागीं निश्चल राहावयाचें आहे, त्यानें ड्रायसूटचा खर्च व शिक्षणाचे श्रम दोन्ही पत्करावे.

उबेचा दुसरा मोबदला शिशानें द्यावा लागतो. कोंडलेला वायु मनुष्याला वर उचलतो. म्हणून पोशाख जितका जाड, तितकें कमरेचें शिसें अधिक. वेटसूट घातलेल्याला पृष्ठभागावर जेमतेम पुरणारें शिसें खालीं पोशाख दडपल्यावर जास्त होतें, आणि त्याची भरपाई जाकिटांत हवा भरून करावी लागते. यासाठीं जाणते पाणबुडे सिलिंडर पोलादाचा घेतात. नेहमींच्या वापरांतला अॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला कीं तरंगूं पाहतो. पोलादाचा तसें करीत नाहीं, आणि तेवढें शिसें वांचतें. शिशाची भीति बाळगून तें कमी घेणेंही धोक्याचें. कारण बुडीच्या शेवटीं, सिलिंडर हलका झाल्यावर, अशा मनुष्याला पांच मीटरांवर थांबून विश्रांति घेतां येत नाहीं.

तिसरा मोबदला बोटांनीं द्यावा लागतो, आणि बाजारांत त्याचा विचार सर्वांत कमी होतो. जाड हातमोज्यांत बोटें उबदार राहतात, पण आंधळीं होतात. पातळ हातमोज्यांत प्रथम चपळ असतात, पण वीस मिनिटांनीं बधिर होऊन निकामी ठरूं शकतात. म्हणून शहाणा पाणबुडा हातमोज्यांची जाडी ठरविण्याआधीं बाकीचें सामान हातमोज्यांजोगें करतो. पायांतील रबरी पंखांना ओढून घट्ट करावयाच्या पट्ट्यांऐवजीं स्प्रिंगच्या पट्ट्या लावतो. प्रत्येक झडपेच्या दोरीला चांगली मोठी मूठ बांधतो. केल्पच्या वेलांत अडकल्यास उपयोगी पडणारी कात्री दोन्ही हात पोंचतील अशा जागीं ठेवतो. आणि हें सर्व, हातमोजे घालून व डोळे मिटून, किनाऱ्यावर चांचपून पाहतो.

डोक्यावर कानटोपीसारखें निओप्रीनचें आवरण हवेंच. शरीराची अर्धी उष्णता डोक्यावाटे जाते, ही समजूत खरी नव्हे; तरी थंडीनें हातापायांच्या रक्तवाहिन्या जशा आकसतात, तशा डोक्याच्या आकसत नाहींत, म्हणून तें उघडें टाकणें महाग पडतें. शिवाय एकाच कानांत एकाएकीं गार पाणी शिरलें तर भोवळ येते. यासाठीं कित्येक जण बुडण्यापूर्वींच टोपींत थोडें पाणी सोडून दोन्ही कान सारखे गार करून घेतात.

श्वास देणाऱ्या रेग्युलेटरची गोष्ट निराळी. सिलिंडरमधील सुमारें २०० बार दाबाची हवा त्यांतून जातांना एकदम प्रसरण पावते, आणि त्या प्रसरणानें तो स्वतः अतिशय गार होतो. पाणी मुळांतच फार थंड असेल, तर आंत बर्फ धरून झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहून जाते. युरोपांतील ईएन २५० हें मानक १० अंशांखालील पाण्यास थंड पाणी समजतें. अशा पाण्यासाठीं, ज्याच्या यंत्रांत बाहेरचें पाणी शिरत नाहीं असा बंदिस्त रेग्युलेटरच घ्यावा. येथें काटकसर करूं नये. शिवाय श्वास ओढीत असतांनाच जाकिटांत हवा भरण्याचें बटण दाबून धरूं नये; दोन्ही मिळून रेग्युलेटर अधिक गारठतो.

एवढी सिद्धता करूनही एक गोष्ट उरते. थंडी प्रथम बोटें घेते आणि मग विचारशक्ति. आणि विचारशक्ति चालली आहे हें ओळखावयास लागते तीच विचारशक्ति! म्हणून परतण्याची वेळ पाण्यांत नव्हे, किनाऱ्यावरच ठरवावी, आणि पहिली हुडहुडी भरतांच, सिलिंडरमध्यें हवा कितीही शिल्लक असो, वर निघावें. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रायोगिक पाणबुडी पथकानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें, कीं जे पाणबुडे तळाशीं उबदार व वर येतांना गारठलेले होते, त्यांना दाबबदलाचा विकार याच्या उलट स्थितींत असलेल्यांपेक्षां बराच अधिक झाला. उबेंत रक्त जोरानें वाहून नायट्रोजन अंगांत सहज मुरतो. गारठल्यावर तो बाहेर पडण्यास अडतो. तेव्हां पोशाखाची परीक्षा पहिल्या पांच मिनिटांच्या सुखावर करूं नये. शेवटच्या पांच मिनिटांत तो काय देतो, तें पाहावें.

सारांश, थंड पाण्यांतील साधनांत सर्वोत्तम असें कांहीं नाहीं. प्रत्येक वस्तु थोडी ऊब देते आणि त्याबदल्यांत पैसा, वजन, चपळाई किंवा लक्ष यांपैकीं कांहीं तरी मागते. आपण किती खोल, किती वेळ आणि कोणत्या पाण्यांत जाणार, हें ज्यानें प्रामाणिकपणें ठरविलें, त्याला हा सौदा अवघड जात नाहीं. शेजाऱ्याचा पोशाख पाहून आपला घेणाऱ्यास मात्र तो महाग पडतो. आणि पाण्याखालीं तो हिशेब नेहमीं पैशांतच चुकता होतो असें नाहीं.