कामभावनेचा कोंडमारा आणि आपली जबाबदारी



भुकेच्या प्रश्नावर आपण सभा घेतो, घरटंचाईवर मोर्चे काढतो. परंतु लैंगिक अतृप्तीचा विषय निघताच आपल्या माना खाली जातात. वास्तविक हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गिरणगावातील कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दहा-पंधराजणांसह पाळीपाळीने झोपत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पण तेच एकाकी जिणे आज बांधकामावरील स्थलांतरित मजुरांच्या वाट्याला आले आहे. गावी मागे राहिलेल्या स्त्रीचा कोंडमारा तर उच्चारण्याचीही सोय नाही.

या मौनाविरुद्ध रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही कर्व्यांना दंड झाला.

कामेच्छा हा रोग नव्हे, पापही नव्हे. हस्तमैथुनाने शक्ती क्षीण होते, हा समज वैद्यकशास्त्राने केव्हाच खोटा ठरविला आहे. तरीही ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती याच भयावर पोसल्या जातात. एकांतात स्वतःचे समाधान करून घेण्यात अपराध नाही. व्यायाम, पुरेशी झोप, मित्रमंडळ, आवडीचे काम यांनी मनाचा ताण हलका होतो. दारूने तो हलका झाल्याचा केवळ भास होतो. पतिपत्नींनी आपली इच्छा आणि अनिच्छा परस्परांना मोकळेपणाने सांगावी. मन फारच व्याकूळ झाले तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आपल्या अतृप्तीचे ऋण दुसऱ्या कोणी फेडावयाचे नसते. स्त्रीचा नकार हा पुरुषावरील अन्याय नव्हे. विवाहाने तिच्या देहावर मालकी मिळत नाही. कोंडमाऱ्याची सबब सांगून केलेली बळजबरी ही बळजबरीच होय.

व्यक्तीने संयम पाळावा, हा उपदेश सोपा आहे. परंतु ज्याला वर्षातून एकदाच घरी जाण्याची रजा मिळते आणि ज्या दांपत्याला दाराची कडी लावता येईल अशी खोली नाही, त्यांना उपदेश पुरणार नाही. भरपगारी रजा, कुटुंबासह राहता येईल असे घर आणि शाळेत शास्त्रीय लैंगिक शिक्षण, या मागण्या आपल्या मागणीपत्रकात आल्या पाहिजेत. माणसाला एकांत मिळणे ही चैन नव्हे. तो त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे.