पोथीची लिपी, श्वासाची लिपी

सन्माननीय अध्यक्ष, श्वसनाचे अभ्यासक पाहुणे आणि यवतमाळकर बंधू-भगिनींनो,

धामणगावला उतरून, पुढे मोटारीने आपण इथवर आलात. आमची शकुंतला रेल्वे धावत असती तर मूर्तिजापूरहून पऱ्हाटीची शेतं दाखवत तिने तुम्हाला आणलं असतं. तुमचं मनापासून स्वागत.

हा लोकनायक बापूजी अण्यांचा जिल्हा. १९७३ आणि २०१९ ची साहित्य संमेलनं इथेच झाली. पण माझ्या मनात पहिलं नाव येतं ते यशवंत खुशाल देशपांडे यांचं. आमच्या शाळकरी पोरांना ते ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं झाकून ठेवले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या कुलपाची किल्ली शोधली. यवतमाळच्या या माणसाने त्या पोथ्यांसाठी आयुष्य वेचलं, १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहिलं, शारदाश्रम ही संशोधन संस्था उभी केली. त्या शारदाश्रमाचं नाव निघालं की आजही माझा ऊर भरून येतो.

मी कापसाचा व्यापारी. तुमचा विषय मला एका प्राध्यापकांनी समजावून दिला. प्राणवायू घटला की मानेतली कॅरॉटिड बॉडी मेंदूला कळवते आणि श्वास वाढतो. उंदरांत प्राणवायू असा थांबून थांबून चार-दोनदा घटवला, तर मज्जारज्जूत सेरोटोनिन सुटतं आणि श्वासपटल हलवणाऱ्या चेतापेशी, प्राणवायू पूर्ववत झाल्यावरही, तासभर जोर धरून राहतात. म्हणजे श्वासही आठवण ठेवतो! हीसुद्धा झाकलेली लिपीच, आणि ती वाचणारे तुम्ही. २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने आमची माणसं गेली. श्वास अडखळणं काय असतं, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे. म्हणून तुमचं काम आम्हाला परकं वाटत नाही.

आता क्षमा मागतो. निवास तीन ठिकाणी विखुरला आहे, काल रात्री पाणी उशिरा आलं, मागच्या रांगांना आवाज नीट जात नाही. दोष सर्वस्वी माझा. मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडं घेतलं नाही, अडत्यांनी आणि जिनिंगवाल्यांनी न मागता पैसे दिले, डाळ-तांदूळ किराणा दुकानदारांनी पाठवले, गाद्या-चादरी शेजारच्या घरांतून आल्या, आणि वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं दोन रात्री झोपलेली नाहीत. या सर्वांचा मी ऋणी आहे. बचत गटाच्या ताई पहाटेपासून पाटवडी थापत आहेत. पंगत एक वाजता मागच्या मांडवात बसेल. ज्येष्ठांसाठी तिथे खुर्च्या मांडल्या आहेत.