बियाणे शेतकऱ्याचे, नाव कुणाचे?

(वरोर, ता. डहाणू येथील कार्यकर्त्यांपुढील व्याख्यान)



१९४५ साली डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी वेठबिगार झुगारली, तेव्हा प्रश्न श्रमाच्या मालकीचा होता. आज भातशेतकऱ्यापुढे बियाण्याच्या मालकीचा प्रश्न उभा आहे, आणि तो वाणाच्या नावासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीत दडलेला आहे.

दादाजी खोब्रागडे हे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली आपल्या भातात त्यांना वेगळ्या लोंब्या आढळल्या. हंगामामागून हंगाम त्यांची निवड करून त्यांनी नवे वाण सिद्ध केले. बाजाराने त्याला एका घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. पुढे पंजाबराव कृषी विद्यापीठाने त्याचेच शुद्ध केलेले वाण 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने प्रसारित केले. तांदूळ दूरवर पोहोचला. खोब्रागडे यांना पुरस्कार लाभले. पण २०१८ साली त्यांचे निधन झाले ते आर्थिक विवंचनेतच. नाव घड्याळाचे, आद्याक्षरे विद्यापीठाची; निर्मात्याचा त्यात मागमूसही नाही.

संसदेने २००१ साली वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्याचे कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचा हक्क देते. अनेक देशांच्या कायद्यांहून हे पाऊल पुढचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच कलमात मेख आहे. संरक्षित वाणाचे नाव दर्शविणारी चिठ्ठी लावून, पिशवीबंद बियाणे शेतकऱ्याने विकता कामा नये. म्हणजे माल विकावा, पण निनावी. बाजारात भाव नावाला मिळतो. तेव्हा विक्रीचा हक्क देऊन त्यातील मोबदल्याचा मोठा भाग काढून घेतला जातो.

उरलेला हक्कही आपोआप टिकत नाही. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर दावे गुदरले. लोकक्षोभापुढे तिला ते मागे घ्यावे लागले. कलम तेच होते. त्यात प्राण आला तो संघटनेमुळे.

वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा पालघर जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. परंतु मानांकन प्रदेशाच्या मालाचे रक्षण करते. पेरणाऱ्याच्या बियाण्यावरील हक्काचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले : गावोगावी जुन्या वाणांची त्यांच्या बोलीतील नावांनिशी नोंदवही ठेवणे, आणि पात्र वाणांची शेतकऱ्यांच्या नावे नोंदणी करविणे, शेतकऱ्याला या कायद्याखाली शुल्क माफ आहे. दुसरे : शेतकऱ्याला व त्याच्या सहकारी संस्थेला बियाणे खऱ्या नावाने विकता यावे, अशी दुरुस्ती मागणे. ज्याने वाण घडविले वा जपले, त्याला त्याचे नाव उच्चारण्याची बंदी असावी, हा न्याय नव्हे.