कोंबडीचं शास्त्र आधी, पेटी मग
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस वर्षातून एकदा घरात येतो, आणि येण्याआधीच त्याच्यावर दुकानदाराची उधारी बसलेली असते. मालेगाव-नांदगावकडच्या कोरडवाहू घरात मीठ-मिरची, पोरांच्या वह्या हे सगळं बाईच्या चार कोंबड्यांवर निघतं. म्हणून आज कोंबडीवर बोलायचं आहे.

अंडी उबवायच्या छोट्या पेट्या आता बाजारात मिळतात. "घरबसल्या हॅचरी" म्हणून त्या विकल्या जातात. सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आलं, ते आठवा. अंडी-पक्षी परत विकत घेऊ, या शब्दावर अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे घातले आणि ते बुडाले. ज्याला अंड्याचा हिशेब स्वतः येतो, त्याला असं फसवणं अवघड. पेटी घ्यायची ती हा हिशेब शिकायला.

पेटीत जादू काही नाही. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपासून मातीच्या भट्टीत शेण-काडी जाळून अंडी उबवत आले आहेत. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. खुडूक कोंबडी २१ दिवस जे करते, तेच पेटीने करायचं आहे.

दुकानातलं अंडं ठेवू नका. लेअर फार्मवर कोंबडा नसतो, ते अंडं उबत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरची, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली अंडी घ्या. पेटी दिवसभर रिकामी चालवून ऊब स्थिर झाली की मगच अंडी ठेवा.

पंख्याच्या पेटीत ऊब साडेसदतीस अंश हवी. ओल पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७०. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसरीला गोल काढा आणि दिवसातून तीन वेळा फिरवा. न फिरवलं तर आतला जीव कवचाला चिकटतो. १८ व्या दिवसानंतर फिरवणं बंद. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं भरलं आहे. नुसतं पिवळं दिसलं तर काढून टाका.

लाईट गेली तर घाबरू नका. कोंबडीसुद्धा रोज चरायला उठते. झाकण उघडू नका, वाऱ्याची भोकं मोकळी ठेवून वरून गोधडी टाका. थोड्या गारव्यापेक्षा जास्त उष्णता लवकर मारते. म्हणून पहिली खेप मे महिन्यात पत्र्याच्या घरात लावू नका, थंडीत मधल्या खोलीत लावा.

कवच फुटू लागलं की हात आवरा. एकेका पिल्लाला बाहेर यायला दिवसभर लागू शकतो. सोलायला गेलात तर रक्त येऊन पिल्लू मरतं. अंगावरची पिसं वाळेपर्यंत त्याला आतच राहू द्या. पोटात बलक असतो, त्यावर ते दोन दिवस तगतं.

खरी परीक्षा पुढे आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते. मानमोडीची, म्हणजे रानीखेतची, लस पहिल्या आठवड्यातच जनावरांच्या दवाखान्यात विचारून द्या. ही चुकली तर सगळा थवा जातो. ज्वारीचा भरडा चालतो, पण नुसत्या ज्वारीवर पिल्लू वाढत नाही, सोबत शेंगदाणा पेंड हवी. पावसात काळी पडलेली, बुरशीची ज्वारी घालू नका. आणि घरची सरकी पेंड पिल्लांना बिलकुल नको, तिच्यातलं गॉसिपॉल त्यांना बाधतं.

तेव्हा एकट्याने कर्ज काढून पेटी घेऊ नका. चार-पाच घरांनी मिळून एक घ्या, पेटी आणि वही बाईच्या हातात द्या. वहीत चार आकडे लिहा: अंडी किती ठेवली, सातव्या दिवशी भरलेली किती, पिल्लं किती निघाली, महिन्याने किती जगली. लाईट, खाद्य आणि लसीचा खर्चही शेजारी मांडा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. जाहिरातीतला आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवू, आणि मगच दुसऱ्या पेटीचं ठरवू.